मी बँकेची होते तेव्हा

मी एक जुनी लिफ्ट आहे, मित्रांनो. माणसांना वरच्या मजल्यावर नेणारी नव्हे. त्या आरसेवाल्या मंडळींशी आमचे जाणेयेणे नाही. दोन खांब, चार लोखंडी हात आणि पोटात तेल, एवढाच माझा संसार. गॅरेजमध्ये मी मोटारी उचलते. वर गेलेल्या मोटारीची चाके अधांतरी सावकाश फिरतात आणि तिला आपण ढगात आहोत असे वाटते. मलाही वाटते. फक्त माझे पाय बोल्टांनी जमिनीत आवळलेले असतात.

कारखान्यात मला निळा रंग दिला आणि एका दालनात उभे केले. तिथे एक मिस्त्री आणि त्यांची बायको आली. मिस्त्रींना मी पाहताक्षणी आवडले. पैसे मात्र नव्हते.

“भाड्याने घेऊ या का? नाहीतर घर तारण ठेवून एकरकमी...”

“घराचं नाव काढायचं नाही,” बाई म्हणाल्या. “जी वस्तू आणताय, तीच ठेवा की तारण!”

अशी मी पाच वर्षांच्या हप्त्यांवर गॅरेजमध्ये आले. माझ्या खांबावर एक पट्टी चिकटवली होती: ‘बँकेकडे तारण’. ती वाचून मिस्त्री मला पाहुणीसारखे वागवीत. दर सोमवारी तेल, दर महिन्याला ग्रीस. “परक्याची वस्तू आहे, ओरखडा पडता कामा नये,” असे ते सगळ्यांना बजावत. सकाळच्या उन्हात मी मोटार घेऊन वर जाई, मिस्त्री खाली शीळ घालीत, आणि आपण दोघे मिळून आभाळच दुरुस्त करतो आहोत असे मला वाटे.

मग शेवटचा हप्ता फिटला. पट्टी खरवडून काढली. मी मिस्त्रींची झाले, आणि मित्रांनो, त्या दिवसापासून मला कुणी तेल दिले नाही. गावभरच्या गाड्यांचे दुखणे नुसत्या आवाजावरून ओळखणारा हा माणूस, पण माझी करकर त्यांना ऐकू येईना. माझ्या हातांवर ओले बनियन वाळू लागले.

तीन वर्षांनी मिस्त्रींनी जुन्या गाड्या विकत घेऊन, दुरुस्त करून विकायचे ठरवले. बँकेने माझ्यावरच कर्ज देऊ केले. माझी किंमत ठरवायला एक साहेब आले. मी त्यांचीच मोटार उचलली आणि कमरेइतक्या उंचीवर अडकले. खांबावरच्या नळीतून साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर तेल ठिबकले.

“मशीन वीस वर्षांची दिसते.”

“आठच वर्षांची आहे हो,” मिस्त्री पुटपुटले.

“मग हिच्यावर काही मिळणार नाही. घराचे कागद आणा.”

साहेब गेल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “दुसऱ्याची होती तेव्हा जपलीत. आपली झाली आणि पार वाऱ्यावर सोडलीत!”

मिस्त्रींनी बनियन उचलले आणि पाने हातात घेतले. पंधरा दिवस गॅरेजमध्ये एकही गाडी घेतली नाही. तेल गळू नये म्हणून रबराच्या नव्या कड्या, नव्या तारा, नवे बोल्ट. माझी हाडे पुन्हा जागच्या जागी आली. बाईंनी गंज घासला.

साहेब पुन्हा आले, या वेळी काळा शर्ट घालून. मी मोटार उचलली. खट्, खट्, खट्, एकेक खटका बसत गेला, आणि मी थेट वर जाऊन थांबले.

“दिसते ठीक,” साहेब लांबूनच म्हणाले. “पण हिच्याखाली उभं कोण राहणार?”

मिस्त्री पुढे होणार, तोच बाई पदर खोचून आल्या, मोटारीच्या बरोबर खाली उभ्या राहिल्या आणि वर बघत म्हणाल्या, “साहेब, लिहा आता. सावकाश लिहा, मला घाई नाही.”

साहेबांनी लिहिले. घराचे कागद कपाटातच राहिले.

मित्रांनो, आपल्या वस्तू जपा. हप्ता फिटला म्हणून आमची तहान फिटत नाही. आणि खरे सांगू? त्या दिवशी माझ्या हातांवर एक मोटार होती, पण तोलून धरले होते मी एक अख्खे घर.