न धुतलेला पाय

शिंपीणकाकूंचा डावा पाय हत्तीपायाने उशीसारखा फुगला होता, आणि दर महिन्या-दीड महिन्याने त्याच पायापायी त्यांना हुडहुडी भरून ताप चढायचा. तिसऱ्यांदा त्या तपासणीला आल्या तेव्हा त्यांच्याआधी जंतुनाशकाचा वास खोलीत शिरला.

"मागे दोनदा नमुन्यातून जंतू काही उगवले नाहीत," डॉक्टर प्रयोगशाळेतल्या ताईला म्हणाले. "नेहमीचं औषधच चालू ठेवू."

"त्याने ताप कुठे हटतोय, सर?"

ताईने बोटांच्या बेचक्या पाहिल्या. घासून घासून कातडी लालबुंद झाली होती. हे घासणं तिच्या ओळखीचं होतं. दवाखान्यात कुणी नाक मुरडू नये म्हणून आईचा असाच सुजलेला पाय तीच चकाचक करून न्यायची. आईच्या अहवालांतही दरवेळी 'वाढ नाही' असंच असायचं. शेवटचा अहवाल चार महिन्यांपूर्वी हातात पडला, तेव्हा आई नव्हती.

"काकू, पाय कशाने धुतला?"

"बाटलीच उपडी केली! असला पाय दाखवायचा, तो निदान स्वच्छ तरी नको?"

"त्याने वरचे जंतू मरतात, मग नमुन्यात उगवणार काय? उद्या न धुता या."

"अगं बाई! घरात सून आधीच वासाने खिडक्या उघडते. आता इथेही शोभा करू?"

"करा. मी या नाकाचाच पगार घेते."

काकू खुदकन हसल्या. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून आल्या. ताईने दोन्ही पायांच्या बेचक्यांतून कापसाच्या काड्या फिरवल्या. मग गरम पाणी घेऊन सुजलेला पाय स्वतः धुतला, प्रत्येक बेचकी टिपून कोरडी केली. हाताला सवय होती.

आणखी तीन दिवसांनी तिने नमुन्यांतले जंतू वाढवलेल्या दोन काचेच्या बशा डॉक्टरांपुढे ठेवल्या. उजव्या पायाच्या बशीत कातडीवरची नेहमीची मंडळी. डाव्याच्या बशीत हिरवट, ओलसर ठिपके दाटलेले. एरवी साचल्या पाण्यात राहणारे जंतू.

"बाहेरून पडले असतील."

"मग दोन्ही बशांत पडले असते, सर. नेहमीचं औषध त्यांच्यात ठेवलं, ढिम्म हलले नाहीत. हे दुसरं ठेवलं, तर भोवती मैदान साफ."

डॉक्टरांनी बशी उजेडाकडे धरली. मग चिठ्ठीवरचं जुनं औषध खोडून दुसरं लिहिलं.

तीन महिने ताप फिरकला नाही. काकू हे सांगायला आल्या, तर नमुन्यांच्या खोलीवर ताईच्या अक्षरातली पाटी होती: 'तपासणीआधी पाय धुऊ नका. आम्ही धुऊन देऊ.'

"ही आधीच का नाही लावलीस गं?"

"आधी मलाच माहीत नव्हतं," ताई म्हणाली, आणि पाणी गरम करायला ठेवलं. बाहेर बाकावर सुजलेले, न धुतलेले पाय घेऊन दोघे जण बसले होते.