धारवाडातली फर्माईश

आमच्या कारखान्यात बुधवारी दुपारी नोटीस लागली. ट्रान्सफॉर्मर बदलायचा असल्यानं गुरुवार ते रविवार काम बंद. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत सलग चार दिवस सुटी कुणी कधी पाहिलेली नव्हती, त्यामुळं कँटीनमध्ये जो तो कुठं जाणार ते सांगायला लागला. दिग्विजय महाबळेश्वरला निघाला. एचआरमध्ये नव्यानंच लागलेली अंकिता म्हणाली, "मी बेंगळुरूला. तिथं रोज कुठं ना कुठं लाइव्ह म्युझिक असतं."

मी सोमेश बिराजदार, मेंटेनन्स सुपरवायझर, वय चव्वेचाळीस. मला कुणी काही विचारलं नव्हतं. तरीही मी म्हणालो, "लाइव्ह म्युझिक ऐकायचं तर धारवाडला जावं. तिथं घराघरातून गाणं ऐकू येतं."

"सर, तुम्ही जाता?" अंकितानं विचारलं.

"जातो की. उद्याच निघालोय."

दिग्विजय माझ्याकडं बघत राहिला. "कुठं जालालास बे? मघाशी तर सुटीत पंखे पुसणार म्हणाला होतास."

धारवाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. गाण्याशी माझा संबंध म्हणजे पाचवीत असताना लावलेला पेटीचा क्लास. तो तीन महिन्यांनी मास्तरांनीच माझ्या वडिलांना हात जोडून थांबवला. मुलीचं नाव मी आरोही ठेवलं, ते नावांच्या यादीत पहिल्याच पानावर होतं म्हणून. लोकांना मात्र मी त्यामागं संगीत आहे असं सांगत आलोय.

घरी आल्यावर काव्याला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"धारवाडला? उद्या? कशाला?"

"गाणं ऐकायला."

"तुम्हाला? अहो, रेडिओवर आलाप सुरू झाला की स्टेशन बदलता की तुम्ही."

"ते रेडिओवरचं. हे समोरासमोर बसून ऐकायचं असतं."

आरोही सातवीत आहे. तिनं फक्त "बाबा, गोवा का नाही?" एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

मग माझं नियोजन सुरू झालं. हुबळीच्या गाडीला वेटिंग होतं आणि ते माझ्या डोळ्यांदेखत वाढत होतं. बसनं जायचं ठरलं. राहायचं कुठं, म्हणून लॉजना फोन लावले. आमच्या घरात कन्नड बोलतात, त्यामुळं तिकडं फोनवर आपण सहज वावरू अशी माझी खात्री होती. पण आमचं कन्नड अक्कलकोटच्या बाजूचं, अर्धं मराठीत बुडालेलं. पहिल्या तिघांनी माझं दुसरं वाक्य संपायच्या आत मराठीत उत्तर दिलं, की खोली नाही, लग्नाची तिथी आहे. चौथ्या लॉजचे मालक संगप्पा यांनीही तेच सांगितलं. तेव्हा मी शेवटचं अस्त्र काढलं.

"मी सोलापूरच्या संगीत क्षेत्रातला आहे हो. खास गाणं ऐकायला येतोय."

 पलीकडचा आवाज मऊ झाला. "अय्यो, आधी सांगायचं नाही का? या. मी करतो काहीतरी."

फोन ठेवला तर समोर काव्या उभी. "कुठल्या क्षेत्रातले म्हणालात?"

मी बॅग भरायला घेतली.

गुरुवारी आठ तास बसचा प्रवास करून आम्ही धारवाडला पोचलो. हातपाय धुऊन लगेच दोघींना घेऊन बाहेर पडलो. गल्लीगल्लीतून कान टवकारून हिंडलो. एका घरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या, दुसऱ्यातून क्रिकेटची कॉमेंट्री. एका खिडकीतून बराच वेळ एकच लांब सूर येत होता. मी बोट वर करून दोघींना थांबवलं, डोळे मिटले, मानही हलवली.

"बाबा, मिक्सर आहे तो," आरोही म्हणाली.

शुक्रवारी आणि शनिवारी आम्ही पेढे खाल्ले आणि तळं बघितलं. गाणं काही भेटलं नाही. मला माझीच लाज वाटायला लागली होती. पण शनिवारी संध्याकाळी संगप्पा हात चोळत आले. "उद्या सकाळी सुंदरम्मांच्या घरी गाण्याची महिन्याची बैठक आहे. त्या बाहेर गात नाहीत आता. मी तुमचं सांगून ठेवलंय, सोलापूरहून जाणकार आलेत म्हणून. लई खूश झाल्या."

आता माघार घ्यायची सोय उरली नाही. खोलीत जाऊन मी मोबाइलवर अभ्यासाला बसलो. रागांची नावं मला तीनच येत होती. त्यातला यमन संध्याकाळचा निघाला, मालकंस रात्रीचा. भैरवीसमोर 'वेळ : सकाळ' असं लिहिलेलं सापडलं आणि मला हायसं वाटलं. पुढं बराच मजकूर होता. तो मी वाचला नाही.

सुंदरम्मांचं घर साधं, बैठकीची खोली लांबट. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई सत्तरीच्या होत्या, आवाज मात्र खणखणीत. "बर्रि, बर्रि," म्हणत त्यांनी आम्हाला आत घेतलं. पंचवीसेक माणसं सतरंजीवर बसलेली. मी मागं भिंतीला टेकणार होतो, पण संगप्पांनी मला हाताला धरून अगदी पुढं बसवलं. तबलेवाले हुबळीहून पहाटेच निघून आले होते. ते ठाकठूक करून तबला लावत होते. तंबोरे जुळले. सुंदरम्मांनी डोळे मिटून एक सूर लावला, मग डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं.

"पाहुणे लांबून आलेत. सांगा, काय ऐकायचं?"

मी घसा खाकरला. "भैरवी होऊ द्या."

 तबलेवाल्यांची हातोडी हवेतच राहिली. मागं कुणीतरी हळूच "सुरुवातीलाच?" म्हणालं. शेजारी बसलेल्या आजोबांनी माझ्या कानाशी येऊन समजावलं, की भैरवी म्हणजे मैफलीची सांगता. भैरवी झाली की कुणी पुढं गात नाही, लोक चपला शोधायला लागतात. थोडक्यात, जेवायला बसल्या बसल्या मी यजमानांकडं हात धुवायला पाणी मागितलं होतं.

 "नको, दुसरं काहीही चालेल," असं म्हणायला तोंड उघडलं, तोवर सुंदरम्मा हसायला लागल्या. हसणं थांबल्यावर म्हणाल्या, "भैरवी खरं म्हणजे सकाळचीच. शेवटी गाऊन गाऊन आम्हीच तिला शेवटची केली. ताजा गळा तिच्या वाट्याला कधी येत नाही. आज येऊ दे."

आणि त्या गायल्या.

काय गायल्या ते मला सांगता येणार नाही. शब्द कळले नाहीत, ताल दोनदा मोजायला घेतला आणि दोन्हीदा चुकलो. पण मध्येच एका ठिकाणी त्यांनी आवाज इतका बारीक केला की सगळी खोली पुढं वाकली. मीही वाकलो. शेजारी बघितलं तर काव्या पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. आरोहीचा मोबाइल मांडीवर पालथा पडला होता. घड्याळाकडं मी एकदाही पाहिलं नाही. पाऊण तास झाला हे नंतर कळलं.

गाणं संपलं आणि कुणी उठेना. रिवाज असा, की आता पुढं काही नाही. महिनाभर वाट पाहून आलेली ती माणसं माझ्या एका वाक्यामुळं पाऊण तासात घरी जाणार होती. मला राहवलं नाही.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "मी कुठल्या क्षेत्रातला वगैरे नाही. मी कारखान्यात मशिनं दुरुस्त करतो. मला गाण्यातलं काही कळत नाही."

संगप्पांनी कपाळाला हात लावला. सुंदरम्मांनी शांतपणे विचारलं, "ऐकताना काय वाटलं?"

खूप शोधून मला एवढंच सापडलं, "झोप आली नाही."

खोली एकदम हसली. तबलेवाले सोडून. सुंदरम्मा म्हणाल्या, "एवढं तर आमचे यजमानही कधी म्हणाले नाहीत हो." मग त्यांनी सगळ्यांना उप्पीट खायला बसवलं आणि जाहीर केलं, की गाणं संपलं असलं तरी गप्पा मारायला रिवाज आड येत नाही. गप्पांच्या नादात त्यांनी भैरवी कुठून कशी वळते ते आरोहीला चार-पाच वेळा गुणगुणून दाखवलं. मंडळी जागची हलली नाहीत. दुपार होईपर्यंत बसली.

निघताना मी तबलेवाल्यांसमोर उभा राहिलो. "तुम्ही एवढ्या पहाटे निघून आलात..."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तबला-डग्ग्याची पिशवी माझ्या हातात दिली. "चला स्टँडपर्यंत."

डग्गा इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. पुढं ते मोकळ्या हातांनी, मागं मी घामाघूम, आणि माझ्यामागं मायलेकी. आरोही चालता चालता ते मघाचं वळण गुणगुणत होती, काव्या तिला मध्येच एक जागा सुधारून देत होती. बरोबर देत होती की चूक, मला काय कळणार? स्टँडवर हुबळीच्या बसच्या कंडक्टरनं पिशवीकडं बघून आदरानं विचारलं, "कलाकार का, सर?"

"नाही," मी म्हणालो. "हमाल."

तबलेवाले तेव्हा पहिल्यांदा हसले.