कावळ्याच्या चोचीचं हाड

सुचित्राच्या वडिलांच्या पिंडाला कावळा शिवला नाही. बाणगंगेवर सगळे तासभर ताटकळले. आईला सांभाळू, धाकट्या निलेशचं लग्न लावू, गावच्या घराचं छप्पर शाकारू, सुचेल ते कबूल करून झालं. कावळे पठ्ठे कठड्यावर बसून नुसते बघत राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. निलेश सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, बाबांना औषधात बुडवून ठेवलंस, मग ते येणार कसे?"

खरं काय ते सुचित्राला एकटीला ठाऊक होतं. ती परळला मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवते. गिरणीत जन्म काढलेल्या बाबुरावांनी देहदानाचा फॉर्म भरताना तिला एकच अट घातली होती, "माझ्यावर शिकव पोरांका. पयलो हात तुझोच व्हयो." तिनं हो म्हटलं होतं. ऐनवेळी तिचं अवसान गळालं आणि तिनं देह दुसऱ्याच कॉलेजला देऊन टाकला. बाणगंगेवर तेवढं एक सोडून ती सगळं बोलली.

तेरावं उरकून ती वर्गावर गेली. त्या दिवशी खांद्याचं हाड शिकवायचं होतं.

"हा पुढे आलेला भाग म्हणजे कोराकॉइड," ती म्हणाली. "नाव लॅटिनमधून आलं, पण मूळ ग्रीक. कोराक्स म्हणजे डोमकावळा, एइडोस म्हणजे रूप. जुन्या वैद्यांना यात कावळ्याची चोच दिसली."

बोलता बोलता तिची नजर खिडकीकडे गेली. गजांवर दहा-बारा कावळे बसले होते. एकही ओरडत नव्हता, सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळलेल्या. मुलं लिहायची थांबली.

सुचित्रा घाबरली, खोटं कशाला बोला. तिनं ते हाड खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, भरवर्गात हात जोडले आणि पुटपुटली, "बाबा, तुम्हाला इकडे आणते. पहिला हात माझाच."

पुढचा कावळा गजांतून आत वाकला. त्यानं हाडाच्या त्या टोकाला एकदाच चोच लावली. मग सगळे उडून गेले.

दुपारी तिनं देह इकडे आणण्याचा अर्ज लिहायला घेतला. पहिला काप छातीवरून खांद्याकडे न्यायचा, हे ती वर्षानुवर्षं मुलांना सांगत आली होती. त्याच खांद्यावर बसून तिनं लालबागचे गणपती पाहिले होते.