खिळ्यांचे बूट

माझ्या कथकच्या क्लासात चपला दाराबाहेर राहतात. ठाण्याच्या नौपाड्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बक्षीस समारंभाला आलेल्या एका पाहुण्यांनी बूट काढायला आढेवेढे घेतले, तेव्हा मी त्यांना जिन्यातच चहा पाजून निरोप दिला होता. जमिनीला नमस्कार केल्याशिवाय मी कुणाला पाऊल उचलू देत नाही. मुली माझ्या पाठीमागे मला कडकलक्ष्मी म्हणतात. म्हणोत बापड्या!

वल्लरी याच क्लासात वाढली. खोपटला एसटी डेपोच्या मागे राहायची, चालत यायची आणि सगळ्यांच्या आधी यायची. कथक तिच्या अंगात असं मुरलं, की तिचे पाय रंगात आले की मी तबलजींना हातानं थांबवायची आणि नुसते तिचे पाय ऐकत बसायची. तिचे पहिले घुंगरू मी तिला दिले. आमच्याकडे तशी रीत आहे. गुरूनं घुंगरू कपाळाला लावायचे, शिष्येच्या ओंजळीत ठेवायचे आणि म्हणायचं, "बांध."

पुढे ही बया स्पॅनिश भाषा शिकायला स्पेनला गेली आणि येताना फ्लामेंको घेऊन आली. बूट घालून करायचा नाच! तेही साधे बूट नाहीत, टाचेला आणि चवड्याला खिळे ठोकलेले. खिळे सैल झाले की तिचे वडील ते वागळे इस्टेटमधल्या आपल्या वर्कशॉपमध्ये ठोकून देतात, हेही तिनं मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. मला ते झोंबलं. मी बोलणं टाकलं नाही, पण घरी आली की पोहे खायला घालायची आणि नाचाचा विषय निघाला की स्वयंपाकघरात जायची.

आता ती ठाण्यातल्या एका विद्यापीठाच्या कॅम्पसवर स्पॅनिश शिकवते. परवा आली ती निमंत्रण घेऊनच.

"बाई, स्पेनहून एक गायिका आणि एक गिटारवादक येतायत. ऑपेरातली गाणी आहेत, आणि मग मी नाचणारेय. तुम्ही याल ना?"

"नटराजासमोर बूट घालून?"

"हो, बाई."

"आणि मी ते बघत बसू?"

"तुम्ही बघितलंच नाहीत, तर मी शिकले ते खरं आहे की नाही, हे मला कोण सांगणार?"

मी चिडले आणि पोह्यांची बशी उचलून स्वयंपाकघरात गेले. पण जायचं ठरवलं.

कॅम्पसवर मेघना स्वागताला उभी होती. तिथली विभागप्रमुख, पण तीही माझीच जुनी विद्यार्थिनी, त्यामुळे मला अजून घाबरते. मला पहिल्या रांगेत बसवून हळूच म्हणाली, "बाई, तुम्हाला आवडणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून स्टेजवर पदवीदानाचा जाड गालिचा अंथरलाय. कडेनं चिकटपट्ट्या लावल्यात. बूट लाकडाला लागणारच नाहीत."

मला बरं वाटलं. आपला मान कुणी राखला की कुणाला बरं वाटत नाही?

आधी लुसिया नावाची ती गायिका आली. माइक बाजूला सारून तिनं असा आवाज लावला की मागच्या रांगेतली पोरं मोबाइल ठेवून सरळ बसली. मध्येच ती बोलत होती, रुसत होती, पुन्हा गात होती. शब्द एक कळत नव्हता, पण माझ्या शेजारचे आजोबा खुशीत म्हणाले, "अहो, हे तर आपलं संगीत नाटकच की!" आणि गाणं संपताच नौपाड्याहून आलेल्या सगळ्या पांढऱ्या केसांनी एका सुरात हाक दिली, "वन्स मोअर!" लुसिया आधी भांबावली, मग वल्लरीनं विंगेतून समजावल्यावर हसत पुन्हा गायली. मी आयुष्यात कुणाला वन्स मोअर दिलेला नाही. कलावंताला दमवून वर पुन्हा कर म्हणायचं, ही मला पोट भरल्यावरही पुन्हा वाढायला सांगणाऱ्या आगाऊ पाहुण्याची सवय वाटते.

मग वल्लरी आली. काळा झगा, केस घट्ट बांधलेले, मान अशी ताठ की मला वाटलं, ही मान मीच घडवली आहे. गिटार सुरू झाली. तिनं हात उचलले आणि पाय टाकले.

काहीच ऐकू आलं नाही.

पाय तर सपासप पडत होते. टाच, चवडा, पुन्हा टाच, इतक्या वेगानं की माझी नजर मागे पडत होती. आणि कानावर येत होतं फक्त गादी झटकल्यासारखं धप धप. नाच होता तो पायांच्या आवाजाचा, आणि आवाज गालिचा गिळत होता. लोक सौजन्यानं बघत होते. मागे पोरांचे मोबाइल पुन्हा उजळले. मी पलीकडे बसलेल्या मेघनाकडे वळले.

"मेघना," मी विचारलं, "हिला गालिचा चालतो?"

मेघना खाली बघायला लागली. "नाही चालत. सकाळीच म्हणालेली ती. मी म्हटलं, काढला तर बाई उठून जातील. तेव्हा म्हणाली, राहू दे मग. बाई बसायला हव्यात."

माझ्यासाठी ही मुलगी मुकी नाचत होती. ज्या मुलीचे पाय ऐकायला मी तबला थांबवायची, तिचे पाय आज माझ्यामुळे बंद होते. मला स्वतःचा भयंकर राग आला. मी उठले.

सभागृहात कुजबुज झाली. वल्लरीनं मला उठताना पाहिलं आणि ती थांबली. गिटारही थांबली. तिचा चेहरा असा उतरला, की मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, जात नाहीये!

स्टेजच्या पायरीशी मी सवयीनं चपला काढल्या, वर गेले, वाकले आणि कडेची चिकटपट्टी ओढली.

"बघता काय? उचला हे!"

दोन-चार विद्यार्थी धावत आले. गालिचा गुंडाळला गेला. खाली छान जुनं सागवान होतं.

"बूट काढ," मी वल्लरीला म्हटलं.

तिचे डोळे भरले. "बाई, बूट काढून हा नाच..."

"काढ म्हणते ना."

तिनं पट्टे सोडले आणि बूट माझ्या हातात दिले. मला वाटलं होतं त्याहून जड निघाले. तळाला खिळ्यांची डोकी दाटीनं बसलेली, घासून घासून चकचकीत झालेली. एवढं घासायला किती नाचावं लागतं, ते मला कुणी सांगायला नको. घुंगरू तरी कुठे डोक्यावर बांधतो आपण? पायातच बांधतो, पण आधी कपाळाला लावतो.

मी बूट कपाळाला लावले. ते तिच्या ओंजळीत ठेवले आणि म्हटलं, "बांध."

वल्लरी रडता रडता हसली. खाली बसून तिनं पट्टे बांधले, जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि उठली.

मी खुर्चीपर्यंत पोहोचायच्या आत तिची पहिली टाच पडली. सागवान खणखणलं. मग ते पाय बोलायला लागले. भांडले, लाडात आले, कुजबुजले, पुन्हा कडाडले. पुन्हा साथीला लागलेल्या गिटारवादकानं तारांवरून हात उचलला आणि तो नुसते तिचे पाय ऐकत बसला. म्हणजे जाणकार होता. भाषा परकी होती, पण बोलणारे पाय माझ्या ओळखीचे होते. हे पाय माझ्या क्लासच्या फरशीवर मोठे झाले आहेत, हे त्या भरल्या सभागृहाला ओरडून सांगावं इतका मला अभिमान वाटला.

शेवटची टाच पडली आणि ती हात वर करून थांबली. धापा टाकत तिनं सगळ्यांत आधी माझ्याकडे बघितलं.

टाळ्या सुरू होण्याच्या आत मी उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाले, "वन्स मोअर!"