खेकड्याचं बीळ

हरेशने हॉलमधल्या काचेच्या टाकीत समुद्रातले मासे आणले, तेव्हा त्याच्या वडिलांना, काशीरामला, कोणी काही विचारलं नाही. जमिनीचा मोबदला आल्यावर पनवेलला बांधलेल्या त्या बंगल्यात काशीरामची म्हणावी अशी एकच जागा होती: हॉलमागची खोली. तिच्यात एक खाट, आणि खाटेखाली मिठागरातलं जुनं फावडं.

मासे मरू लागले. खाऱ्या पाण्यातल्या माशांना पाणी सतत फिरतं आणि स्वच्छ लागतं. त्यासाठीची यंत्रणा विकत मिळते, पण हरेश मोबाइलवर व्हिडिओ बघत ती घरीच करायला बसला. काच कापून आणली, सिलिकॉनने जोडून दुसरी टाकी केली, आत उभ्या काचा लावून कप्पे केले. माशांच्या वरच्या टाकीतलं पाणी नळीने या खालच्या टाकीत उतरणार, पहिल्या कप्प्यात गाळलं जाणार, दुसऱ्यात शेवाळ त्यातली घाण खाणार आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर ढकलणार. शेवाळाच्या कप्प्याचं नाव तो हौसेने सांगायचा. "रेफ्युजियम. म्हणजे आसरा. बारक्या जीवांना."

खालची टाकी हॉलमध्ये बरी दिसेना. त्याची बायको रंजिता म्हणाली, "मागच्या खोलीत ठेवा ना. तिथे कोण येतंय?"

भिंतीला भोकं पाडली. खाट दारापर्यंत सरकली. शेवाळावरचा दिवा रात्रभर जळायचा, कारण वरचे मासे झोपले की शेवाळाने काम करायचं असतं. त्या जांभळट उजेडात काशीराम तोंडावर टॉवेल घेऊन पडून राहायचा.

"आमच्या बाबांना डिस्को लाइट दिलाय, फुकट," हरेश पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे हसायचे. काशीरामही हसायचा. हरेशला वाईट मुलगा म्हणावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याला लोकांना हसवायला आवडायचं आणि त्यासाठी बाप हाताशी होता, एवढं खरं.

एकदा काशीरामने वरच्या टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. हरेशने बघितलं.

"पुन्हा पाण्याला हात लावलात तर वृद्धाश्रमात सोडून येईन. गंमत नाही करत, बोलून ठेवलंय मी तिथे."

त्यानंतर काशीराम टाकीजवळून जाताना हात पाठीमागे बांधू लागला.

मे महिन्यात चिरनेरला लग्न निघालं. नवरा मुलगा काशीरामच्या बहिणीचा नातू. हळदीला घालायचं म्हणून काशीरामने धुतलेलं धोतर उशाखाली घडी करून ठेवलं होतं.

"तुम्ही आलात तर माशांकडे कोण बघणार?" हरेश म्हणाला.

"माज्या सख्ख्या बयनीचा नातू हाय रं."

"मग? ती काय तुमच्यावाचून हळद थांबवणार आहे? ऐका. नीट सांभाळलंत तर आश्रमाचं नाव परत काढणार नाही. शब्द देतो. पण आल्यावर काही बिघडलेलं दिसलं, तर त्याच गाडीत बसायचं. चिमूटभर खाणं टाका, झाकण लावा. बास."

"आनि वीज गेली तर?"

"सगळं आपोआप थांबतं. सोय केलीये मी."

"कसली सोय?"

"तुम्हाला सांगून उपयोग आहे का?"

रंजिता टाकीखालच्या लाकडी कपाटावरून बोट फिरवत होती. बोटाला पांढरी खर लागली. रोजच लागायची. "मिठागर गेलं तरी मीठ काय सोडत नाही या घराला. बाबा, आल्यावर मला हे लाकूड स्वच्छ दिसलं पाहिजे हं."

ते गेले. काशीरामने खाणं टाकलं, कपाट पुसलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा खर. पुन्हा पुसलं. मग त्याने झाकण उचलून नीट बघितलं. पाणी वर आणणाऱ्या नळीला, पाण्याच्या पातळीशीच, एक बारीक भोक होतं. त्यातून धार उडून झाकणावर आपटत होती आणि तिथून कपाटावर ओघळत होती.

मिठागरात एक रीत होती. बांधाला खेकड्याचं बीळ दिसलं की हातातलं काम टाकून ते आधी बुजवायचं. बांध कुणाचा हे नंतर विचारायचं. बोटाएवढ्या बिळातून एका भरतीत अख्खा बांध जातो. दुसऱ्याचं बीळ बघून पुढे गेलेल्या माणसाला मिठागरवाले आपल्या पंगतीला घेत नसत. काशीरामने आयुष्यभर बिळं बुजवली होती. पाण्याला हात लावायचा नाही हे त्याला आठवत होतं. पण लाकूड स्वच्छ ठेवायचंच, हेही सांगितलेलं होतं. आणि भोक पाण्यात नव्हे, नळीला होतं.

त्याने फावड्याच्या दांड्याची ढलपी काढली, तासून खुंटी केली, तिला सुताचे वेढे दिले आणि भोकात ठोकून बसवली. धार थांबली. पाण्याने खुंटीचं लाकूड फुगलं, ती घट्ट झाली. त्याने कपाट पुन्हा पुसलं आणि पहिल्यांदाच हॉलमधल्या सोफ्यावर बसून मासे बघितले.

दुपारी वीज गेली.

पंप थांबला, पंखा थांबला. त्या शांततेत पाणी वाहत असल्याचा आवाज मात्र येत राहिला. काशीराम न्हाणीघरात जाऊन नळ बघून आला. नळ बंद होता. मग मागच्या खोलीत गेला, तर खालची टाकी काठोकाठ भरून फरशीवर सांडत होती. ज्या नळीने पाणी वर जायचं, त्याच नळीने ते खाली येत होतं.

त्याने गोधडी पिळा घालून उंबऱ्याशी टाकली, वर धोतर, वर उशी. बांध घातला. हॉलच्या लाकडी जमिनीला पाणी लागू दिलं नाही. मग हरेशला फोन लावला.

पलीकडे डीजेचा आवाज. "बाबा? काय ऐकू येत नाही! हळद चाललीये इकडे! मासे ठीक ना?"

"पानी खाली—"

"हां हां, ठेवतो!"

वर त्या नळीचं तोंड जवळजवळ तळाला होतं. तिथवर वरची टाकी रिकामी झाली. दगडांच्या खाचांत उरलेल्या पाण्यात मासे आडवे पडले. वीज आली तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि तेव्हा त्यातला एकही हलत नव्हता.

हरेश आला, त्याच्या कानामागे अजून हळद होती. त्याने झाकण उचललं, खुंटी बघितली आणि खाली बसून हसत सुटला. "वीज गेली की याच भोकातून हवा आत शिरते, धार तुटते, पाणी खाली यायचं थांबतं. ही सोय होती, बाबा! आणि तुम्ही तिला बूच मारलंत!"

काशीरामने खुंटीवर बोट ठेवलं. "मंजे ती उघाडी होती," तो म्हणाला. खाडीचं पाणी सोडायला बांधात मुद्दाम ठेवतात ती वाट. "मला बील वाटलं. सांगायचं नाय का रं?"

"आजोबांनी विचारलं होतं पप्पा," अंकिता, हरेशची मुलगी, मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली. "तुम्ही म्हणालात, सांगून उपयोग नाही."

"नव्हताच," हरेश म्हणाला. "बघ की."

नवीन पाणी भरून पंप सुरू झाला, त्याच दिवशी काशीरामचं बोचकं गाडीत ठेवलं. फावडं मागेच राहिलं. रंजिता म्हणाली, तिथे कशाला लागणार. खाटेच्या जागी आणखी एक टाकी येणार होती. टेपने माप घेऊन झालं होतं.

"थांबा," हरेश म्हणाला. "जाण्याआधी ती खुंटी काढा. पकडीने निघेना."

"ड्रिलने निघेल की," अंकिता म्हणाली.

"निघेल. पण ज्याने घातली त्याने काढायची."

काशीरामने चाकू मागितला. खुंटीच्या बरोबर मधोमध टोक रोवून तिचे दोन भाग केले आणि ते नखाने उपसले. धार उडाली, त्याच्या मनगटावर आपटली, झाकणावर, कपाटावर.

त्याचा अंगठा आपोआप उठला आणि भोकावर दाबला गेला. धार थांबली.

"बघा, बघा!" हरेश हसत म्हणाला. "रंजिता, व्हिडिओ काढ गं!"

तिने मोबाइल काढेपर्यंत काशीराम तसाच उभा राहिला. मग त्याने अंगठा काढला, शर्टाला पुसला आणि गाडीत जाऊन बसला.