नाव घातलेली पट्टी

कनवटीत खोचलेली पट्टी आता अंगासारखीच गरम झाली होती — बोटभर लांब, जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, आणि हलकी इतकी की आहे ना, हे बघायला झुंबरबाईला लुगड्यावरून सारखा हात फिरवावा लागत होता. काठ कसा गुळगुळीत… तो तिच्याच हातचा. कानस मारलेल्या पत्र्याच्या कडेला बारीक कूस राहते. त्या कडेवरून कापसाचा पेळू फिरवायचा, तंतू अडकला की पुन्हा काचकागद. सुनेने घासलेल्या पट्ट्यांना तंतू अडकायचाच. असं अर्धंमुर्धं घासून माझ्या लेकाला आभाळात धाडतीस का गं, म्हणून तिने कमलच्या हातातला कागद ओढून घेतला, आणि लेक घरीच जुळवत असलेल्या ज्या विमानाला सकाळ-संध्याकाळ शिव्या घालायच्या त्याचेच तुकडे घाशीत ती रोज दुपारी कापसाच्या कोठीत बसू लागली.

विलायतेहून त्याच्या पेट्या आल्या, सेलू स्टेशनावरून बैलगाड्यांत लादून आणल्या, तेव्हा तिला वाटलं होतं यंत्र असेल, लोखंड असेल. निघाले नुसते पत्रे, काठ्या आणि कापड. लेक सूर्यभान हैदराबादेत मोटारींचं काम शिकलेला. म्हणाला, आता हे आपणच कापायचं, घासायचं, जोडायचं. ज्या घरात जर्मलचं पातेलं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, त्या घरचा पोरगा जर्मलमध्ये बसून वर जाणार… तिने हे गावभर ऐकवलं. पण तहसीलदार घोड्यावरून बघायला आले तेव्हा सगळ्यात पुढे तीच उभी होती.

काल दुपारी कोठीत कुणी नव्हतं. पंख धडाला धरून ठेवणारी ही पट्टी हातात होती, आणि एकदम वाटलं, ही अशी बिननावाची कशी? या घरात तांब्या नाही, परात नाही, जिच्यावर तिच्या मालकांचं नाव नाही. शाळेचा उंबरा तिने पाहिला नव्हता. तिला अक्षरं येत ती एवढीच, भांड्यांवरची, राखेने घासता घासता बोटांना पाठ झालेली. तोंडाने ते नाव ती कधी घेणार नव्हती. हाताने घेतलं. खिळा धरला, वर बत्त्याने हळूहळू ठोके दिले, ठिपक्याला ठिपका… जर्मल लोण्यासारखं मऊ. बाप लेकाचा पंख धरून राहील, असं मनाशी म्हणाली आणि पट्टी ढिगात सारली.

आज सकाळी कमल कुरकुरली, एवढं घासून काय मिळतं म्हणून. सूर्यभानने एक टाकाऊ पट्टी घेतली, तिच्यावर खिळ्याने रेघ ओढली, दोनचारदा वाकवली — टक्.

"वर हादरे बसतेत. जिथं ओरखडा, तिथंच तुटतंय. मग पंख काय अन् मी काय."

रेघेवरच तुटली होती. इकडे नाही, तिकडे नाही. झुंबरबाईला कालचे ठिपके आठवले; तो हात धुवायला बाहेर गेला तशी तिने ढीग चाळला, पट्टी काढली, कनवटीला लावली. झालं, वाटलं. पण आता तो पट्ट्यांना तांबडा रंग लावायला बसला होता आणि पट्टी सापडत नव्हती. तो बायकोकडे बघत होता.

"माझ्याकडं काय बघायलाव?" कमल म्हणाली. "घासायचा मान माझा न्हाई. आमी झाडायपुरतं."

एरवी या बोलण्यावर झुंबरबाईने तिची सात पिढ्यांची झाडलोट काढली असती. आज तिने पदर कनवटीवर ओढून घेतला. सूर्यभान पुटपुटत होता — न्हाई गावली तर उरलेल्या तुकड्यांना जोड देऊन करतो, चालेल तसं. जोड. म्हणजे तेही तुटणार… सांगावं तर, माय तूच? असं तो विचारणार, आणि ते सुनेच्या देखत. नाही सांगावं तर — आणि मी तरी ते केलं कशाला? सोबत म्हणून? नाव सोबतीसाठी घालतात होय? लग्नाकार्यात भांडं बाहेर जातं, चार घरच्या चुली बघतं, चेपतं, काळं पडतं. कुणाच्या शेतात पडलं तरी तळ बघून कुणीतरी आणून टाकतं. गेलेलं ओळखू यावं म्हणून नाव. म्हणजे काल, खिळा धरताना, मी त्याला आधीच…

"माय," सूर्यभान वर न बघता म्हणाला, "तुला दिसली का गं?"

कमलही बघायला लागली. आयुष्यभर झुंबरबाईचं उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असायचं. तिने ओठ उघडले, आणि त्यातून काय बाहेर पडेल ते तिला ठाऊक नव्हतं.