ताईंचा डावा कान

वॉशिंग मशीन बनवणाऱ्या त्या कंपनीत तक्रार विभागाची खोली तळमजल्यावर जिन्याखाली होती. कंपनीला तक्रारी किती आवडतात ते जागेवरूनच कळायचं. आत तीन टेबलं, तीन फोन आणि लाईन मात्र एकच, त्यामुळे एकाने फोन घेतला की उरलेल्या दोघांनाही आपापला रिसीव्हर उचलून ऐकता यायचं. दाराजवळ बडबड्या, खिडकीशी काका, आणि मधल्या टेबलावर ताई. एकोणीस वर्षं त्याच टेबलावर.

गिऱ्हाईक रडगाणं सुरू करायच्या आत ताई म्हणायच्या, "तुम्ही बोलू नका. फोन मशीनजवळ न्या आणि मशीनला बोलू द्या." पलीकडून टक-टक, जरा थांबून टक, असं आलं की, "नाणं अडकलंय." घूं-घूं-धप आलं की, "मशीन तीन पायांवर उभं आहे, चौथ्याखाली पुठ्ठा घाला." नवं मशीन आपल्याआपण चालत दारापर्यंत येतं असं कुणी घाबरून सांगितलं की, "मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत का?" कुणीच काढलेले नसायचे. मेकॅनिक घरी जाऊन, मशीन उघडून, दोनदा मान हलवून आणि चहा पिऊन जे सांगायचा, ते ताई बसल्या जागी सांगायच्या. म्हणून कंपनीभर त्यांचं नाव कानताई.

आणि ह्या कानताईंचा डावा कान गेली दोन वर्षं कामातून गेला होता.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्टच सांगितलं होतं, "हा काही परत यायचा नाही. उजवा सांभाळा." ताईंनी उजवा सांभाळला आणि बातमीही सांभाळली. कंपनीत नाही, घरात नाही, कुणाला म्हणजे कुणालाच पत्ता लागू दिला नाही. रिसीव्हर उजव्या कानाला लावायचा आणि लिहायचंही उजव्या हातानेच, म्हणून डावा हात हनुवटीखालून पलीकडे न्यावा लागे. लांबून पाहणाऱ्याला वाटे बाईंची दाढ दुखतेय. शिवाय उजवा कान चांगला असला तरी हुशार नव्हता. सतरा वर्षांचं शिक्षण सगळं डाव्याचं झालेलं.

घरी मात्र एक फायदा झाला होता. ताई उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत दाबून झोपायच्या, त्यामुळे नवऱ्याचं घोरणं एकदम बंद झालं. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. आपण रोज सकाळी लांब श्वास घेतो त्याचा हा परिणाम, असं तो शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना सांगत सुटला होता, आणि दोघांनी तर ते श्वास सुरूही केले होते.

ऑफिसात दुसरीच पीडा. काका आणि बडबड्या ह्या दोघांना गेल्या दोन वर्षांत नकला करायचा नाद लागला होता. ताईंनी फोन घेतला रे घेतला की हे दोघे आपापले रिसीव्हर उचलत आणि पलीकडचा आवाज तोंडाने, तोही खोली दणाणून सोडत काढत. काका निवृत्तीला एक वर्ष उरलेला, केस पांढरे झालेला माणूस, आणि "खर्रर्र-कुईं-खर्रर्र" असं ओरडत बसायचा! बडबड्याचं "धड्-धड्-धडाम" तर वरच्या मजल्यापर्यंत जायचं. "पुरे ह्या माकडचेष्टा!" ताई डाफरायच्या. पण मनातल्या मनात देवाचे आभार मानायच्या, कारण पलीकडचं मशीन काय म्हणतंय ते त्यांना कळायचं ते ह्या चेष्टांमुळेच. दुसऱ्याच्या ताटातला घास चोरल्यासारखं त्यांना वाटायचं.

अशात चौथ्या मजल्यावरून बोलावणं आलं. तिथे 'ग्राहक अनुभव' नावाची नवी टीम होती. गालिचा, काचेची केबिन, झाडाची कुंडी. टीमच्या मॅडम स्वतः म्हणाल्या, "उपप्रमुखाची जागा आहे. तुमच्याइतका अनुभव कुणाकडे नाही. शुक्रवारी पाचच्या आत अर्ज द्या." नियम असा की एकदा नाही म्हटलं की तीन वर्षं कुठल्याच बढतीसाठी विचार होणार नाही. आणि तक्रार विभागात ताईंच्या वर जागाच नव्हती. वर थेट जिना होता.

ताईंना ते पद हवं होतं. उगाच आढेवेढे कशाला घ्यायचे? त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आज दुसऱ्या मजल्यावर 'सर' होऊन बसला होता आणि त्या अजून 'कान' होत्या. आपल्या नावाची पाटी दारावर लागावी असं त्यांना फार वाटायचं. पण हे मान्य करायची लाज वाटे. त्यात दुसरी लाज मिसळलेली. आपण पुढे चाललोय की पकडले जाण्याआधी पळतोय, हेच त्यांना कळेना. शिवाय आपण गेल्यावर त्या दोघांचं काय? एक नकला करणारा, दुसरा तोंड बंद न करणारा. खोली आठवड्यात बुडेल.

घरी विषय काढला तर नवरा म्हणाला, "तुला काय वाटतं?"

"मी तुम्हाला विचारतेय."

"तू म्हणशील तसं."

"मी काय म्हणावं तेच विचारतेय ना!"

"म्हणजे तुझं ठरलंय आणि मी ते ओळखायचं," असं म्हणून त्याने कागद ओढला आणि एका बाजूला जिन्याखालची खोली, दुसऱ्या बाजूला चौथा मजला काढला. चित्र सुरेख आलं. खोलीतल्या पंख्याला सावलीसुद्धा दिली. निर्णयाला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

सासूबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "वरच्या खोलीत माणसं का नाहीत रे?"

"आहेत आई, काढायची राहिली."

"मग आधी माणसं काढ. माणसं बघितल्याशिवाय कुणी जातं का कुठे?" त्या ताईंकडे वळल्या. "आणि तू गं, हल्ली मी हाक मारली की भलतीकडेच का बघतेस?"

ताईंनी घाईघाईने गॅस बंद करायला धाव घेतली. गॅस आधीच बंद होता.

शुक्रवार उजाडला. अर्ज पर्समध्ये, सही बाकी. दुपारी ताई डबा खायला गेल्या आणि डबा तसाच झाकून पाच मिनिटांत परतल्या. खोलीचं दार उघडं होतं आणि ते नेमकं त्यांच्या उजव्या हाताला होतं.

आत बडबड्या फोनवर होता. "न्या मशीनजवळ," तो म्हणाला. दोन क्षण ऐकलं. "पंपात बटण अडकलंय. खालची जाळी उघडा, पाणी सांडेल, फडकं ठेवा. नमस्कार." रिसीव्हर खाली. ओरडणं नाही, नक्कल नाही.

"बटण नाही, सेफ्टी पिन," काका डब्यातून मान वर न करता म्हणाले. "बटणाचा आवाज गोल येतो."

"अरे हो. करतो परत फोन. काका, ताई नसल्या की काम किती पटकन होतं नाही? घसा पण दुखत नाही."

"हळू बोल."

"डाव्या बाजूने आल्या तर ऐकू येणार नाही त्यांना."

"आणि उजव्या बाजूने आल्या तर?" ताई दारातून म्हणाल्या.

बडबड्या खुर्चीतून ताडकन उठला. मग सवयीने, काहीतरी करायचं म्हणून, त्याने रिसीव्हर उचलला आणि "धड्-धड्-धडाम" केलं. फोन वाजलेलाच नव्हता.

"ठेव तो खाली," ताई म्हणाल्या. "कधीपासून माहीत आहे?"

काकांनी डबा बंद केला. "दोन वर्षं झाली. एका गृहस्थांचं मशीन जिवाच्या आकांताने किंचाळत होतं. मी माझा रिसीव्हर उचलला तर कानठळ्या बसल्या. आणि तुम्ही रिसीव्हर डाव्या कानाला लावून त्यांना म्हणालात, इतकं शांत चाललंय की हो, तक्रार कसली करताय?"

ताईंना ते गृहस्थ आठवले. फार भांडले होते.

"मग आम्ही ठरवलं, मोठ्याने करून दाखवायचं. सरळ सांगितलं असतं तर तुम्ही नोकरी सोडली असती. तुमचा स्वभाव माहीत नाही का आम्हाला?"

"आणि करता करता आवाज पाठ झाले," बडबड्या खाली मान घालून म्हणाला. "रागावू नका ताई."

ताई खुर्चीत बसल्या. त्यांना राग आला होता, हसूही येत होतं आणि डोळे भरून आले होते. ह्यातलं आधी काय बाहेर काढावं हे न कळून त्यांनी तिन्ही एकदम काढली. दोन वर्षं ह्या दोन शहाण्यांनी घसे फोडले आणि वर माकड म्हणून शिव्याही खाल्ल्या. म्हणजे आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि आपल्यावाचून खोली बुडेल ही फुशारकीही गेली होती. पळून जायचं कारण गेलं, राहायचंही गेलं. उरला तो एकच प्रश्न. मला ती पाटी हवी आहे का?

हवी होती. ताईंनी पर्समधून अर्ज काढला आणि काकांच्या पेनने सही केली.

पावणेपाचला त्या मॅडमसमोर उभ्या होत्या. "अर्ज देण्याआधी एक सांगायचंय. मला कानताई म्हणतात, पण माझा डावा कान गेलाय. त्या बाजूने काही ऐकू येत नाही. चालणार असेल तर घ्या."

मॅडमनी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि एक उसासा सोडला. "बाई, ह्या मजल्यावर कुणीच कुणाचं ऐकत नाही. एका कानाने का होईना, ऐकणारं माणूस मला हवंच होतं. फक्त मीटिंगमध्ये माझ्या डावीकडे बसा, म्हणजे तुमचा उजवा माझ्याकडे येईल."

त्या दिवशी घरी पोचल्यावर ताईंनी कानाचं सगळं सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "तरीच!" नवरा मात्र विचारात पडला. ताटं उचलता उचलता त्याने हळूच विचारलं, "म्हणजे मी अजून घोरतो?"

सोमवारी ताई काचेच्या केबिनमध्ये बसल्या. दारावर पाटी लागली होती, आणि जाता-येता दोनदा थांबून त्यांनी ती वाचलीही. बाकी गालिच्यावर पाऊलसुद्धा वाजत नव्हतं. बाहेर बाराजण संगणकासमोर बसून ग्राहकांना काय वाटतं त्याचे रंगीत तक्ते करत होते आणि त्यांतल्या एकाच्याही टेबलावर फोन नव्हता. अकरापर्यंत ताईंना एकही आवाज ऐकू आला नाही. त्यांना वाटलं, उजवाही गेला की काय.

तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. डावा हात सवयीने हनुवटीखालून निघाला. पलीकडून कुणी हॅलोही म्हटलं नाही.

"खर्रर्र-कुईं-खर्रर्र!" काका ओरडले.

"काका, हा पट्टा सैल झालाय," ताई म्हणाल्या. हे ओळखणं काकांना दोन वर्षांपासून येत होतं.

"अस्सं होय!" काका म्हणाले. "आम्ही दोघं सकाळपासून डोकं खाजवतोय. सुचेचना!"

त्यांच्यामागून बडबड्याचा आवाज आला, "विचारा, विचारा, दुपारी परत फोन केला तर चालेल का?"

"करा," ताई म्हणाल्या. "पण जरा मोठ्याने. इथे सगळ्यांनाच कमी ऐकू येतं."

मग त्यांनी केबिनचं दार उघडलं आणि फोन स्पीकरवर टाकला.